भाषेला आई असते का?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

फळ्यावर खडूनं झाड काढणं हे माझं बरीच वर्षं चाललेलं काम. मी भाषाशास्त्र शिकवत असे. नवा वर्ग आला की दुसऱ्या-तिसऱ्या तासाला ते झाड यायचंच. सगळ्यात वर 'मूळ भारत-युरोपीय' भाषा, तिच्यातून फुटलेल्या फांद्या. एकीवर ग्रीक, एकीवर लॅटिन, एकीवर संस्कृत. मग प्राकृत, आणि अगदी खाली मराठी, गुजराती, बंगाली. भाषाशास्त्रातलं झाड नेहमी उलटं असतं, मूळ वर आणि पानं खाली. गीतेतल्या अश्वत्थाची सवय असल्यामुळं आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना त्याचं काही वाटत नाही.

एका वर्षी तास संपल्यावर अक्कलकोटकडची एक विद्यार्थिनी फळ्याजवळ थांबली. म्हणाली, "सर, आमच्याकडं आई कानडी बोलते, आजोबा मराठी बोलतात, शेजारी दखनी. मी तिन्ही बोलते. पण माझ्या मराठीला इथं हसतात, आणि तिकडं धारवाडची मावशी माझ्या कानडीला हसते. या झाडावर मी कुठं आहे?" मी मराठीच्या फांदीवर बोट ठेवलं, 'बोली' या डहाळीकडं नेलं, आणि दुसऱ्या बाजूला द्राविड कुळाचं वेगळं झाड असतं असंही सांगितलं. तिनं मान डोलावली. पण तिचं समाधान झालेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही.

ते झाड फळ्यावर आलं कुठून, याची गोष्ट आज सांगणार आहे. कारण ते झाड म्हणजे भाषेचं छायाचित्र नव्हे. ते रूपक आहे. संशोधनात रूपक म्हटलं की आपल्याला वाटतं, विषय सोपा करून सांगण्यासाठी, जरा शोभेसाठी वापरलं असेल. तसं नसतं. संशोधकानं कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता प्रश्न त्याला कधी सुचणारच नाही, हे बहुतेक वेळा रूपक ठरवतं.

सुरुवात गोव्यापासून करू. फादर थॉमस स्टीफन्स, म्हणजे आपले 'क्रिस्तपुराण'कार, १५७९ मध्ये गोव्यात आले. १५८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या भावाला पत्र लिहिलं. इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असं त्यात त्यांनी नोंदवलं. त्याच दशकात फिलिप्पो सासेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी कोची आणि गोव्यात होता. सहा, सात, आठ, नऊ हे आकडे, देवाचा आणि सर्पाचा शब्द इटालियनशी जुळतात, असं त्यानंही घरी कळवलं. दोघांनी जे पाहिलं ते अगदी बरोबर होतं. पण पुढं काहीच झालं नाही. स्टीफन्सचं पत्र तर विसाव्या शतकापर्यंत छापलंही गेलं नाही. साम्य दिसलं, पण साम्य कशामुळं असतं याचं एखादं चित्र मनात असल्याशिवाय त्याचा प्रश्न बनत नाही, असं मला वाटतं.

ते चित्र दोनशे वर्षांनी कलकत्त्यात तयार झालं. सर विल्यम जोन्स तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. १७८४ मध्ये त्यांनी एशियाटिक सोसायटी स्थापन केली आणि २ फेब्रुवारी १७८६ च्या भाषणात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम आता कदाचित शिल्लकही नसेल. यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. संस्कृत ही ग्रीकची आई असं ते म्हणत नाहीत. दोघी बहिणी, आणि आई गेलेली, असं म्हणतात. जोन्स यांच्या डोक्यात बायबलमधली नोहाच्या तीन मुलांची वंशावळही होती. जगातल्या लोकांची विभागणी त्या तीन घराण्यांत करायची, हा त्यांचा मोठा प्रकल्प होता. म्हणजे भाषांच्या अभ्यासात 'घराणं' शिरलं ते धर्मग्रंथातून. पण एकदा शिरल्यावर त्यानं चांगलं काम केलं.

मद्रासमधलं उदाहरण पाहा. कलकत्त्याच्या इंग्रज विद्वानांनी गृहीत धरलं होतं की हिंदुस्थानातल्या झाडून साऱ्या भाषा संस्कृतपासून निघाल्या. १८१६ मध्ये फ्रान्सिस एलिस या मद्रासच्या अधिकाऱ्यानं, तिथल्या पंडितांच्या मदतीनं, तमिळ, तेलुगू, कन्नड यांचे धातू शेजारी शेजारी मांडले आणि दाखवून दिलं की या भाषांचं घराणंच निराळं आहे. संस्कृत शब्द त्यांच्यात भरपूर आहेत, पण ते पाहुणे आहेत. चाळीस वर्षांनी, १८५६ मध्ये, रॉबर्ट कॉल्डवेलनं त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. आता देशात दोन झाडं झाली, आणि महाराष्ट्र दोहोंच्या मधल्या बांधावर.

प्रत्यक्ष झाड काढलं ते मात्र जर्मनीत. आउगुस्ट श्लायशर हा भाषापंडित. त्याला वनस्पतींचं वेड होतं, बागेत रमणारा माणूस. १८५३ मध्ये त्यानं भाषांचं झाड छापलं, आणि १८६१ पासून निघालेल्या त्याच्या मोठ्या ग्रंथात ते पक्कं झालं. बॉनमध्ये तो फ्रीडरिश रिचल या पंडिताकडं शिकला होता. जुन्या हस्तलिखितांची वंशावळ लावण्यात रिचलचा हात कुणी धरत नसे. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हे चुकांवरून ओळखायचं: दोन प्रतींत एकच विचित्र चूक असेल तर दोघींची आई एक. ही युक्ती भाषांना लावली की झालं. हस्तलिखितांतल्या चुकांच्या जागी उच्चारातले बदल घ्यायचे.

आपल्याच भाषेत करून पाहा. हिंदी 'छुरी', मराठी 'सुरी'. 'छाल' आणि 'साल'. 'मछली' आणि 'मासळी'. 'छह' आणि 'सहा'. 'पूछना' आणि 'पुसणं'. 'बछड़ा' आणि 'वासरू'. हिंदीत जिथं 'छ' तिथं मराठीत 'स'. हा योगायोग असू शकत नाही. प्राकृतातला 'छ' आपल्या पूर्वजांनी सरसकट 'स' केला, म्हणून ही एक फांदी. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानं विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीच्या घडणीवर जो ग्रंथ लिहिला तो याच पद्धतीचा. त्याच्याही आधी, १८७७ मध्ये, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मुंबईत विल्सन व्याख्यानं दिली, तीही याच वाटेनं जाणारी.

श्लायशरच्या झाडाचं एक शेजारीपणही सांगायला हवं. चार्ल्स डार्विननं १८३७ मध्येच आपल्या वहीत प्राण्यांच्या वंशाचं लहानसं झाड रेखाटलं होतं. (त्याच वहीत त्यानं असंही लिहून ठेवलंय की झाडापेक्षा प्रवाळ म्हणणं बरं, कारण प्रवाळाचा खालचा भाग मेलेला असतो.) १८५९ च्या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकात चित्र एकच आहे, आणि ते फाट्यांचं आहे. प्राण्यांचं वर्गीकरण वंशावरून कसं करावं हे पटवून देताना तो भाषांचं उदाहरण देतो. पुढं श्लायशरला एर्न्स्ट हॅकेल या मित्रानं, बागकामाची आवड आहे तर हे वाच, म्हणून डार्विनचं पुस्तक वाचायला लावलं. १८६३ मध्ये श्लायशरनं जाहीर उत्तर लिहिलं, त्याचा मतलब असा की हे आम्ही भाषेत आधीच करतो आहोत. एका विषयाचं रूपक दुसऱ्यानं उसनं घेतलं, दुसऱ्याकडून ते पहिल्याकडं जास्त वजन घेऊन परत आलं. आता तर संगणकावर जीवजातींची झाडं काढणारे कार्यक्रम भाषांना लावतात. २००३ पासून अशा अभ्यासांची रीघ लागली आहे.

झाडाच्या रूपकाचा सगळ्यात मोठा विजय मी वर्गात नेहमी रंगवून सांगत असे. फर्दिनां द सोस्यूर हा एकवीस वर्षांचा स्विस विद्यार्थी. १८७८ च्या अखेरीस त्यानं लिहिलं की मूळ भाषेत काही ध्वनी असलेच पाहिजेत, ते ज्ञात असलेल्या एकाही भाषेत उरलेले नाहीत, पण ते असल्याशिवाय संस्कृत-ग्रीकमधल्या स्वरांचा हिशेब लागत नाही. अनेकांनी दुर्लक्ष केलं. सोस्यूर १९१३ मध्ये वारला. त्यानंतर, तुर्कस्थानात बोगाझकोई इथं उत्खननात सापडलेल्या मातीच्या विटांवरची हित्ती भाषा १९१५ मध्ये ह्रोझ्नी या चेक पंडितानं उलगडली. १९२७ मध्ये कुरिलोविच या पोलिश अभ्यासकानं दाखवलं की सोस्यूरनं सांगितलेल्या जागी हित्तीमध्ये खरोखरच एक घशातला ध्वनी लिहिलेला आहे. नसलेल्या आईचा आवाज गणितानं सांगावा आणि पन्नास वर्षांनी तो मातीतून निघावा! झाडानं हे करून दाखवलं. म्हणून त्याला नावं ठेवताना जपून ठेवावी लागतात.

पण नावं ठेवावीच लागतात. श्लायशरनं झाड घेतलं, आणि झाडाबरोबर जे येतं तेही सगळं घेतलं. भाषा हा सजीव; तो जन्मतो, वाढतो, झिजतो आणि मरतो. त्याच्या मते भाषांची वाढ इतिहासपूर्व काळातच पुरी झाली, आणि इतिहासात दिसते ती झीज. या हिशेबानं संस्कृतची द्विवचनं आणि विभक्ती टाकून देणारी मराठी म्हणजे पानगळ. आपल्याकडं हा विचार नवा नव्हता. 'अपभ्रंश' या शब्दाचा अर्थच मुळी खाली घसरलेलं. पतंजलीनं 'गौः' या शब्दाचे अपभ्रंश म्हणून गावी, गोणी, गोता असे शब्द दिले आहेत. त्यातली 'गावी' ही आपल्या गोठ्यातल्या गायीच्या किती जवळची आहे पाहा. घसरलेली तीच टिकली.

'आई' या शब्दाचंही तसंच. संस्कृत ही मराठीची जननी, असं आपण शाळेच्या निबंधांत लिहीत आलो. आई आणि मुलगी या दोन व्यक्ती असतात. मुलगी जन्मल्याची तारीख असते. भाषेचं तसं होत नाही. रात्री प्राकृत बोलत झोपलेला माणूस सकाळी मराठी बोलत उठला, असं कधी घडलं नाही. प्रत्येक पिढीला वाटत होतं की आपण आजीचीच भाषा बोलतो आहोत. शिवाय या घराण्यात नुसत्या आया आणि मुली आहेत, बाप कुठंच नाही. हा विनोद नव्हे. बाप नसणं ही या रूपकाची खरी उणीव आहे: प्रत्येक भाषेला एकच पालक, असं ते धरून चालतं.

आणि घराणं म्हटलं की पुढं रक्त येतं. भाषाकुळाचा 'वंश' कधी झाला हे एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळांच्या लक्षातच आलं नाही. ज्यांच्या लक्षात आलं त्यांत माक्स म्युलर होते. आधी त्यांच्याच लिखाणानं गोंधळ वाढवला होता, पण १८८८ मध्ये त्यांनी बजावलं की 'आर्य रक्त' म्हणणं हे लांब डोक्याचा शब्दकोश म्हणण्याइतकंच चुकीचं आहे. तोवर उशीर झाला होता. महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त आर्यांच्या आगमनाची कथा उलटून तिचं हत्यार केलं, टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडं नेलं, आणि डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये शूद्रांविषयीच्या ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धान्तच पुराव्यानिशी नाकारला. युरोपात त्या शब्दानं काय केलं हे सांगायला नको. भाषा शिकता येते, रक्त शिकता येत नाही, एवढा साधा फरक एका रूपकाखाली दडून गेला.

आता लाटेकडं येतो. योहानेस श्मिट हा श्लायशरचाच विद्यार्थी. १८७२ मध्ये, गुरू वारल्यावर चारच वर्षांनी, त्यानं लहानसं पुस्तक काढलं आणि म्हटलं, झाड सोडा. त्याची अडचण खरी होती. स्लाव्ह भाषा काही बाबतींत जर्मन भाषांशी जुळतात आणि काही बाबतींत इराणी-संस्कृतशी. मग त्यांची फांदी कुठून काढायची? कशीही काढली तरी एक साम्य तुटतं. श्मिटनं पाण्यात दगड टाकल्याचं चित्र दिलं. एखादा नवा उच्चार एका ठिकाणी सुरू होतो आणि तिथून वर्तुळात पसरतो. दुसरा दुसऱ्या ठिकाणी सुरू होतो. वर्तुळं एकमेकांना छेदतात. ज्या गावावरून दोन्ही वर्तुळं गेली तिथं दोन्ही खुणा सापडतील. झाड विचारतं: तुम्ही वेगळे कधी झालात? लाट विचारते: तुमच्या शेजारी कोण राहत होतं?

मघाचीच मराठी पुन्हा घ्या. संस्कृत 'क्ष' चं मराठीत काय झालं? क्षेत्रचं शेत, मक्षिकेची माशी, कुक्षीची कूस. हिंदीत खेत, मक्खी, कोख. वा, सरळ नियम: तिकडं 'ख', इकडं 'श' किंवा 'स'. पण मग भूक? भीक? काख? राखणं? हे शब्द 'क्ष'चेच, आणि मराठीत ते 'ख-क' घेऊन बसलेत. एकाच फांदीवर दोन झाडांची पानं. आजीबाईंच्या बटव्यासारखं हे मिश्रण कसं आलं याचं एक उत्तर असं की निरनिराळ्या प्रांतांतल्या बोलींचे शब्द यात्रा, बाजार, लग्नसंबंध यांतून एकमेकींत मिसळत राहिले. झाडात फांद्या फुटतात, पुन्हा जुळत नाहीत. कुणी म्हणेल, मग वड घ्या, त्याला पारंब्या असतात. पण पारंबी जमिनीत जाते, शेजारच्या चिंचेत शिरत नाही.

नेमकी हीच अडचण पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्यांनी उभी केली. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर बर्लिनला शिकून आलेले, जर्मन पद्धतीत तयार झालेले. १९२५ मध्ये ते चिकित्सित आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. त्यांच्यापुढं काश्मीरच्या शारदा लिपीपासून मलयाळमपर्यंतच्या पोथ्यांचे ढीग. पाठ्यपुस्तकातला नियम: पोथ्यांचं झाड काढा आणि मूळ प्रत गाठा. पण लेखनिक एकाच प्रतीवरून उतरून घेणारे नव्हते. दुसरी पोथी हाताशी आली की तिच्यातले श्लोक समासात, समासातले पुढच्या वेळी मजकुरात. जास्तीचं काही गाळायचं नाही, ही श्रद्धा. एकेका पोथीची वंशावळ लागेना, तेव्हा सुखठणकरांनी वाचनापरंपरांची वंशावळ आखली, आणि एकमेकांपासून दूर राहिलेल्या परंपरा जिथं जुळतात तो पाठ जुना धरला. १९३३ मध्ये पुऱ्या झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत हे सगळं त्यांनी मांडलं आहे. झाड टाकून न देता त्याची मर्यादा ओळखून ते कसं वापरावं, याचं इतकं प्रामाणिक उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आपल्या पूर्वजांनी भाषेचा विचार करताना झाड वापरलं होतं का? शोधायला गेलो तर मला पाणी सापडलं. आठव्या शतकात कनोजच्या यशोवर्म्याच्या दरबारातला कवी वाक्पतिराज. त्याचं 'गउडवहो' हे काव्य महाराष्ट्री प्राकृतातलं, मुंबईत शंकर पांडुरंग पंडितांनी १८८७ मध्ये ते संपादून छापलं. त्यात तो म्हणतो की सगळ्या वाणी प्राकृतात शिरतात आणि प्राकृतातूनच बाहेर पडतात, पाणी समुद्रात जातं आणि समुद्रातूनच निघतं तसं. अकराव्या शतकातला जैन टीकाकार नमिसाधू ढगातल्या पाण्याचा दाखला देतो. ढगातून पडताना पाणी एकच असतं. जमीन बदलते तशी त्याची चव आणि गुण बदलतात. त्याच्या लेखी प्राकृत म्हणजे लोकांचं सहज बोलणं, आणि संस्कृत हे त्यावर संस्कार करून आलेलं एक रूप. हेमचंद्र शंभरेक वर्षांनी याच्या उलट सांगतो, की संस्कृत हीच प्रकृती आणि तिच्यापासून आलेलं ते प्राकृत. व्याकरण शिकवायला हेमचंद्र सोयीचा, म्हणून शाळेत तो पोचला. नमिसाधूचा पाऊस टीकाग्रंथातच राहिला.

विसाव्या शतकात पाण्याला पुन्हा दिवस आले. मरे एमिनो या अमेरिकेतल्या अभ्यासकानं १९५६ मध्ये भारत हे एक 'भाषिक क्षेत्र' आहे अशी मांडणी केली. कुळं वेगळी असली तरी शेजारामुळं भाषा एकमेकींसारख्या होतात. मराठीत याची उदाहरणं ढिगानं आहेत. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद हिंदीला नीट करता येत नाही, तमिळ-तेलुगूला येतो. 'चमचा'तला 'च' आणि 'चिमणी'तला 'च' वेगळे. असा भेद तेलुगूत आहे. आणि 'पाऊस आला म्हणून थांबलो' हे वाक्य. पाऊस काय म्हणाला? कानडीत अशा जागी 'एंदु' येतं, तेलुगूत 'अनि', दखनीत 'बोलके'. सगळ्यांचा अर्थ 'म्हणून', म्हणजे 'म्हटल्यावर'. शब्द प्रत्येकाचा आपला, पण वाक्याचा साचा एक. अशाला आपण 'उसने शब्द' म्हणतो, तेही रूपकच. आइनार हॉगन या भाषाशास्त्रज्ञानं १९५० मध्ये त्याची गंमत केली होती: हे कसलं कर्ज, देणाऱ्याला पत्ता नाही आणि घेणाऱ्याला फेड नाही! दखनीनं आपलं 'नको' नेलं, म्हणून आपल्याकडचं 'नको' काही कमी झालं नाही.

१९७१ मध्ये एकाच ग्रंथात दोन लेख आले. एकात फ्रँकलिन साउथवर्थनं विचारलं की मराठीचा उगमच दोन कुळांच्या मिश्रणातून, बाजारात जुळलेल्या कामचलाऊ भाषेतून झाला असेल का? त्याचं म्हणणं फारसं मान्य झालं नाही. पण हा प्रश्न झाडाखाली बसून कुणाला सुचला नसता. दुसरा लेख जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा, सांगलीजवळच्या कुपवाडबद्दल. इंग्रजी लेखांत ते 'कुपवार' म्हणून जगभर माहीत आहे. तेव्हा ते तीनेक हजार वस्तीचं गाव होतं. आज ते सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत आहे. गावात जैन शेतकरी घरात कानडी बोलत, मुसलमान कुटुंबं उर्दू, दलित आणि भूमिहीन मजूर मराठी, दोर वळणारी काही कुटुंबं तेलुगू. घरची भाषा कुणीच सोडली नाही. ती त्यांची ओळख होती. पण रोज शेतात आणि चावडीवर एकमेकांशी बोलून बोलून तिन्ही भाषांचं व्याकरण जवळजवळ एक झालं. थोडा पाला कापून घेऊन आलो, एवढं सांगायचं तर मराठी, उर्दू आणि कानडी वाक्यांत शब्दामागं शब्द, प्रत्ययामागं प्रत्यय बसतो. नुसते शब्द बदला, वाक्य दुसऱ्या भाषेत गेलं. पुस्तकी उर्दूत नसलेला 'आम्ही-आपण' हा भेदही तिथल्या उर्दूत आला होता.

मग कुपवाडची कानडी कोणत्या झाडावर लावायची? शब्द बघाल तर द्राविड. वाक्य बघाल तर ते कुपवाडचं. आणि कोणत्याही प्रमाण भाषेच्या शिक्षकाला विचाराल तर तिन्ही अशुद्ध.

हा 'अशुद्ध' शब्द मला सगळ्यात जास्त सलतो. बोली म्हणजे फांदी, प्रमाण भाषा म्हणजे खोड, असं आपल्याला वाटतं. झाड नीट वाचलं तर तेही म्हणत नाही. पुण्याची प्रमाण मराठी आणि मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी या सगळ्या एकाच पातळीवरच्या डहाळ्या आहेत. खोड कधीच काळाच्या पोटात गेलं. ग्रियर्सननं भारताच्या भाषिक सर्वेक्षणात भाषा आणि बोली यांतला फरक डोंगर आणि टेकडी यांतल्यासारखा आहे म्हटलं होतं. एव्हरेस्टला कुणी टेकडी म्हणणार नाही, पण मधल्या उंचीवर रेघ मारायची कुठं? त्याच सर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठी खंडात कोंकणीला मराठीच्या बोलींत बसवलं गेलं, आणि मुलगी की बहीण या शब्दांवरून गोव्यात आणि महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या माणसं दुखावत राहिली. १९९२ मध्ये कोंकणी आठव्या अनुसूचीत आली. नात्याचे शब्द वापरले की भांडणही नात्यातल्यासारखंच होतं, कडू आणि लांबलेलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याच दिवशी प्राकृत आणि पालीलाही दिला. आनंदाची गोष्ट. पण त्याआधीची कित्येक वर्षं आपली चर्चा 'मराठीचं वय किती' याभोवती फिरली, जणू कुठंतरी तिचा जन्मदाखला ठेवलेला आहे.

जीवशास्त्रज्ञांनाही आता झाड अपुरं पडू लागलं आहे. जिवाणू आपली जनुकं शेजाऱ्यांना देतात-घेतात, तेव्हा फक्त फाट्यांचं चित्र पुरत नाही, असं फोर्ड डूलिटल यांनी १९९९ मध्ये मांडलं. आता झाडाबरोबर जाळ्याचीही चित्रं काढतात. जाळ्याची खोडी अशी की सगळं सगळ्याशी जोडलेलं दिसतं आणि आधी काय, नंतर काय हे कळत नाही. सोस्यूरला जाळ्यातून तो ध्वनी सापडला नसता. मी पुढं फळ्यावर झाड काढलं की शेजारी तळं काढायला लागलो. मुलांना ते हास्यास्पद वाटायचं, कारण माझी चित्रकला बेताची.

त्या अक्कलकोटच्या मुलीनं वर्षअखेरीच्या प्रकल्पासाठी स्वतःच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. सुगीचे दिवस होते. आजोबा, आई आणि शेजारच्या चाची ज्वारीच्या कणसांवरून बोलत होत्या, मध्येच कुत्रं भुंकत होतं. प्रत्येक वाक्यापुढं 'भाषा' असा रकाना भरायचा होता. पहिल्या पानावर तिनं मराठी, कानडी, दखनी असं नीट लिहिलं होतं. तिसऱ्या पानापासून काही वाक्यांपुढं दोन-दोन नावं आली. पुढं पुढं तो रकाना तिनं मोकळाच सोडला, आणि त्याऐवजी वाक्य कोण कुणाशी बोललं ते लिहिलं. पुढचं काम तिनं त्या नोंदींवरच केलं.